ओवाळलेली गाडी

राजे हत्तीवरून फिरत आणि त्यांचे हुकूम दवंडीवरून, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या उतारावर एक टुमदार गाव होतं. गावाच्या दोन आळ्या. वरच्या आळीत हलवाई, सराफ, वैद्य, पुरोहित अशी मंडळी राहत आणि खालच्या आळीत विणकर राहत.

वरच्या आळीला स्वच्छतेचं भारी वेड. पहाटे उठायचं, अंगण झाडायचं, सडा घालायचा, रांगोळी काढायची आणि झाडलेला कचरा पाटीत भरून उतारावरून खाली लोटून द्यायचा. पाटी रिकामी, अंगण लख्ख, काम फत्ते! लोटलेला कचरा पुढे कुठे जातो, हे वाकून बघायची तसदी मात्र कोणी घेत नसे.

तो जायचा खालच्या आळीच्या तोंडाशी. तिथे वर्षानुवर्षं साचून त्याचा हा मोठा उकिरडा झाला होता. उकिरड्याच्या खालच्या अंगाला विणकरांची विहीर होती. पावसाळा लागला की उकिरड्यातून झिरपलेलं घाण पाणी विहिरीत उतरायचं आणि खालच्या आळीत घरटी एक माणूस अंथरूण धरायचा.

या गावाचा एक कारभारी होता. माणूस सरळ, कामसू, कोणाच्या दमडीला हात न लावणारा. खोड म्हणाल तर एकच. कोणी "वा कारभारी!" म्हटलं की गडी विरघळलाच, आणि कोणी नाक मुरडलं की त्याला जेवण गोड लागायचं नाही. त्याची एकुलती एक लेक सगुणा खालच्या आळीत दिलेली होती.

एकदा सगुणा माहेरी आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आबा, गेल्या श्रावणात माझं पोर हातचं जायचं राहिलं. तुम्ही पाहिलंत ना? पुढच्या पावसाच्या आत तो उकिरडा हलवा. बाकी मी तुमच्याकडे काही मागत नाही."

"हलवतो गं बाई," कारभारी म्हणाला. "पण गाडी नको का? पाट्यांनी उपसायचं म्हटलं तर जन्म जाईल."

गाडीसाठी त्याने वरच्या आळीत वर्गणी मागून पाहिली होती. सगळ्यांनी हात वर केले. "आमच्या अंगणात काडी तरी दिसते का तुम्हाला?" असं वर त्यालाच विचारलं. बिचारा तोंड पाडून परत आला होता.

तेवढ्यात दवंडी पिटली गेली. राजाने हुकूम काढला होता. ज्या गावात कचऱ्याची सोय नाही, त्या गावाने खजिन्यातून पैसे न्यावेत आणि कचऱ्यासाठी उत्तम बैलगाडी करावी. वर्षाकाठी तपासनीस येऊन गाडी पाहील. गाडी आढळली तर गावाला पुढच्या वर्षीही पैसे मिळतील.

हुकूम चांगलाच होता. राजाला रयतेची खरोखर कळकळ होती. पण हुकमात 'गाडी करा' असं होतं, 'गाडी चालवा' असं कुठेच नव्हतं. ते काय वेगळं सांगायला हवं, असं राजाला वाटलं असणार. मोठ्या माणसांना असं पुष्कळदा वाटतं.

कारभाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने गावच्या सुताराला बोलावलं. आता कचऱ्याची गाडी म्हणजे काय हवं? चार मजबूत फळ्या आणि दोन चाकं. पण सुतार म्हणाला, "सरकारी पैसा आहे. गाडी अशी करू की शेजारच्या गावांनी बघत राहावं." झालं, कारभारी विरघळला. मग सागवान आलं. दोन्ही बाजूंना राघू-मैना कोरले गेले. चाकांना पितळी फुल्या बसल्या, जुवाला घुंगरं लागली, आणि वर पांढरीशुभ्र खिल्लारी बैलजोडी! गाडी वेशीतून आत आली तेव्हा सगळं गाव घराबाहेर आलं.

आणि नवी गाडी दारात आल्यावर आपल्याकडे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नकोच. पुरोहितांनी मंत्र म्हटले. चाकांवर हळदीकुंकू वाहिलं, पुढच्या फळीवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. लिंबू-मिरची बांधली. सुवासिनींनी गाडीला ओवाळलं, बैलांना ओवाळलं, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. जो तो म्हणत होता, "वा कारभारी! गावाचं नाव काढलंत!"

या गडबडीत हलवायाची बायको एक पाटी घेऊन आली. पाटीत खरकट्या पत्रावळी होत्या, चुलीतली राख होती, आंबलेलं ताक सांडलेलं फडकं होतं. कचऱ्याची गाडी आली म्हणून ती बिचारी कचरा घेऊन आली. तिने पाटी उचलली मात्र, बायकांनी एकच गिल्ला केला.

"अगं अगं अगं! आत्ताच ओवाळलीय ना तिला!"

"कुंकू अजून ओलं आहे, आणि तू त्यावर खरकटं टाकतेस?"

हलवाईण ओशाळली. तिने पाटी पदराआड घेतली आणि विचारलं, "मग कधी टाकू?"

सगळ्यांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. त्याच्या जिभेवर आलं होतं, की बाई, आत्ताच टाक, त्यासाठीच तर आणलीय. पण आजच्या दिवशी चारचौघांचा विरस कशाला करायचा? तो म्हणाला, "आजचा दिवस राहू दे. उद्यापासून टाका."

दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. अमावास्येला नव्या गाडीचा मुहूर्त कोण करणार? मग सराफाच्या घरी लग्न निघालं. नवरीला आणायला गावात एवढी देखणी दुसरी गाडी कुठली? सराफाने स्वतःच्या खर्चाने तिच्यात रेशमी गादी घातली. ज्या गाडीतून नवरी आली त्या गाडीत केर टाकणं तर आणखीच अशुभ. पुढे ग्रामदेवतेच्या जत्रेत देवीची मूर्ती त्याच गाडीतून मिरवली, आणि मग तर विषयच संपला. लोक जाता-येता गाडीच्या पाया पडू लागले. बैलांना पोळ्याला पुरणपोळी आणि एरवी गूळ-चपाती मिळू लागली. काम काडीचं नाही, त्यामुळे दोन्ही बैल असे फुगले की त्यांना उठायचासुद्धा आळस.

वर्षाकाठी तपासनीस आला. त्याने विचारलं, "गाडी आहे?"

"आहे."

"बैल आहेत?"

"आहेत."

"उत्तम!" असं म्हणून तो हलवायाकडची बासुंदी खाऊन निघून गेला. पुन्हा पैसे आले. गाडीवर ऊन पडतं म्हणून गावाने त्या पैशांतून गाडीला कौलारू मांडव बांधला.

सगुणा अधूनमधून विचारायची, "आबा, गाडी कधी येणार खाली?" कारभारी म्हणायचा, "येईल, येईल." असं करता करता पावसाळा आला आणि गेला. त्या पावसात सगुणाचं पोर पुन्हा आजारी पडलं. हातापायांच्या काड्या झाल्या, डोळे खोल गेले. वैद्यांनी रात्रंदिवस उपचार केले तेव्हा कुठे ते वाचलं. कारभारी नातवाच्या उशाशी बसून राहिला. सगुणा त्याला टोचून काही बोलली नाही. त्याला तेच जास्त लागलं. आता मांडवातून गाडी सोडायचीच, असं त्याने त्या दिवशी मनाशी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी मांडवात गेला तर बायका गाडीला हळदीकुंकू वाहत होत्या. कारभारी नमस्कार करून परत आला.

उन्हाळा सरत आला तेव्हा खबर आली, की खुद्द महाराज गावाला भेट देणार आहेत. तपासनिसाने गावाची इतकी तारीफ केली होती की कारभाऱ्याला मानाची शाल मिळणार होती. गावात उत्साहाला उधाण आलं. महाराजांना वेशीपासून कशातून आणायचं, यावर खल झाला. हत्ती हा चढ चढणार नाही आणि पालखी जुनाट. पुरोहित म्हणाले, "विचार कसला करता? आपली गाडी आहे की!"

"वा! वा!" सगळे म्हणाले.

कारभाऱ्याला हे पटलं नव्हतं. पण सगळं गाव 'वा' म्हणत असताना 'नको' म्हणायला जीभ उचलावी लागते. ती काही उचलली गेली नाही.

ठरल्या दिवशी महाराज आले. गादीवर बसले. लठ्ठ बैल धापा टाकत चालू लागले, घुंगरं वाजू लागली, घराघरांतून फुलं पडू लागली. कारभारी गाडीच्या बाजूने पायी चालत होता. वरची आळी संपता संपता महाराजांनी गाडी थांबवली. तिथून एक वाट खालच्या आळीकडे उतरत होती, आणि वाटेच्या तोंडाशी सगुणा पोराला कडेवर घेऊन उभी होती.

महाराज खुशीत होते. "कारभारी," ते म्हणाले, "तुमच्या गावचा रथ झकास आहे. आता ज्यासाठी मी आलो ते दाखवा. मी दिलेल्या पैशांतून केलेली ती कचऱ्याची गाडी कुठे आहे?"

पुरोहित आभाळाकडे बघू लागले. सराफाला अचानक पागोटं नीट करायची आठवण झाली. महाराजांबरोबर तपासनीसही आला होता. तो कारभाऱ्याच्या कानाशी लागून पुटपुटला, "माळावर खत टाकायला गेलीय, असं सांगून मोकळे व्हा. महाराज काही बघायला जात नाहीत."

किती सोपं होतं! एवढं म्हटलं की शाल खांद्यावर, पुन्हा पैसे, पुन्हा वाहवा. कारभाऱ्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर कडेवरच्या नातवाकडे गेली. पोर आता जरा भरलं होतं, हसत होतं. पण ढग जमायला किती दिवस उरले होते? या पावसात ते तगेलच, असं त्याला कोणी लिहून दिलं होतं? त्याने हात जोडले.

"महाराज," तो म्हणाला, "आपण तिच्यातच बसला आहात."

महाराजांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी गादीकडे पाहिलं, राघू-मैनांकडे पाहिलं. गर्दीत कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते घाईघाईने दाबलं. महाराजांचा चेहरा लाल झाला.

"मग गावाचा कचरा कुठे आहे?"

कारभाऱ्याने खाली बोट दाखवलं. महाराज गाडीतून उतरले आणि त्या वाटेने चालू लागले. त्यांच्या मागून सगळं गाव निघालं. वरच्या आळीतले कित्येक जण तर जन्मात पहिल्यांदाच ती वाट उतरत होते. उकिरडा दिसला तसे सगळ्यांचे हात नाकाला गेले. आपल्याच पत्रावळी, आपलीच राख, आपलीच फुटकी मडकी! कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना.

उन्हाने महाराजांचा घसा कोरडा पडला होता. समोरच सगुणाचं घर होतं. ते म्हणाले, "मुली, जरा पाणी दे."

सगुणा जागची हलली नाही. दारी आलेल्याला पाणी द्यायला आपल्याकडे कोणी मागेपुढे बघतं का? वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. पण तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "माफी असावी महाराज. आमच्या विहिरीचं पाणी आपल्याला नाही देणार. वरून आणवते."

"का? तुम्ही काय पिता?"

"आम्ही हेच पितो," सगुणा म्हणाली.

महाराजांनी विहिरीत वाकून पाहिलं. मग तपासनिसाकडे वळले. "तुम्ही गावात येऊन गेलात. हे दिसलं नाही?"

तपासनीस चाचरत म्हणाला, "मी... मी खाली आलोच नाही महाराज. हुकमात गाडी तपासा, एवढंच होतं."

"आणि तो हुकूम कोणी लिहिला?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायची कोणाची छाती होणार? शेवटी महाराजांनीच ते दिलं. "मीच लिहिला," ते म्हणाले. "मी गाडीला पैसे दिले. गाडी मिळाली. तक्रार तरी कोणाकडे करू? आणा ती गाडी इथे आणि भरा."

गाडी खाली आणली गेली. पण भरणार कोण? लोक एकमेकांकडे बघू लागले. आधी ओवाळलेली गाडी, मग नवरीची, मग देवीची, आणि आता तर तिच्यात खुद्द महाराज बसलेले! पुरोहित चाचरत म्हणाले, "महाराजांच्या आसनावर उकिरडा... म्हणजे... शास्त्रात बसत नाही हो."

तेव्हा कारभाऱ्याने खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला बांधलं. सगुणाच्या दारातली पाटी उचलली. उकिरड्यात गुडघाभर उतरून दोन्ही हातांनी ती भरली आणि सरळ गाडीत उलटी केली. रेशमी गादीवर काळा चिखल पसरला. सगळ्या गावाच्या तोंडून "आई गं!" निघालं.

"अहो कारभारी, गादी तरी काढायचीत!" हलवाईण ओरडली. ती पुढे धावली आणि तिने गादी ओढून बाजूला टाकली. तिचे हात कोपरापर्यंत बरबटले. तिने हातांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ दे मेलं! बाटलीच आहे तर आता भरूनच टाकू." तिने दुसरी पाटी उचलली. मग तिच्यामागून सुतार आला, विणकर आले, आणि बराच वेळ अंग चोरून उभा असलेला सराफही आला.

त्या संध्याकाळी गाडीने माळावर कितीतरी खेपा केल्या. तिथे खड्डे खणून कचरा पुरला गेला. बैल पहिल्या खेपेला रुसले, मग मुकाट चालू लागले. उकिरडा काही एका दिवसात संपला नाही. वर्षानुवर्षांची घाण, ती कशी संपेल? पण रोज गाडी भरत राहिली आणि पाऊस लागायच्या आत विहिरीच्या वरची जमीन दिसू लागली.

महाराजांनी जाताना कारभाऱ्याला शाल दिली नाही. "खरं बोललात म्हणून कारभार तुमच्याकडेच ठेवतो," ते म्हणाले. "पण तुमच्या भिडेपायी गाडी एवढे दिवस उभी राहिली, त्याचा सन्मान माझ्याने होणार नाही."

"तो मला नकोच महाराज," कारभारी म्हणाला. शाल गेल्याचं त्याला वाईट वाटलं, अगदीच वाटलं नाही असं नाही. पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

राजधानीत परतल्यावर महाराजांनी हुकूम बदलला. खजिन्याचे पैसे आता गाडीवर थांबणार नव्हते. गाडीवानाची मजुरी, बैलांची वैरण, माळावर खड्डे खणणाऱ्यांचं पोट, हे सगळं त्यात आलं. आणि तपासनिसासाठी एकच काम ठेवलं. त्याने भर पावसाळ्यात जायचं, गावातल्या सगळ्यात खालच्या विहिरीवर उभं राहायचं आणि तिचं तांब्याभर पाणी प्यायचं. तो प्यायला तर पैसे पुढे चालू, नाहीतर खजिना बंद न करता आधी कारण शोधायचं.

त्याच श्रावणात तपासनीस गावात आला. हलवायाने बासुंदीला बोलावलं, पण तो थांबला नाही. चिखल तुडवत थेट खाली गेला. पाऊस चांगला लागून राहिला होता. सगुणाने विहिरीतून पाणी शेंदलं, तांब्या भरून पुढे केला. तपासनिसाने तो उजेडाकडे धरून इकडून पाहिला, तिकडून पाहिला, वास घेतला. त्याचं मन काही धजेना.

"घ्या की," सगुणा म्हणाली. "माझं पोर हेच पितं."

अंगणात ते पोर पावसात नाचत होतं. तपासनिसाने एकवार त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तांब्या तोंडाला लावला. मग तो रिकामा करून त्याने आणखी पाणी मागितलं.

तात्पर्य: कामासाठी दिलेला पैसा कामी लागला की नाही, हे विकत घेतलेली वस्तू पाहून कळत नाही. ज्याच्यासाठी तो दिला, त्याच्या दारात जाऊन पाहावं लागतं.